सही कुठे करू?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी ‘सही’ एवढा एकच शब्द कळवला. त्यांना वाटले, मी हस्ताक्षर सुधारण्यावर बोलणार. मराठीच्या शिक्षकाकडून दुसरी अपेक्षा ती काय असणार! परंतु मला बोलायचे आहे ते संगणकावर केल्या जाणाऱ्या सहीविषयी, आणि त्याहूनही अधिक, ती सही आपोआप व्हावी अशी सोय करणाऱ्या एका लहानशा दुरुस्तीविषयी. मी बी.ए., बी.एड. झालेला, मराठी व इतिहास शिकवणारा माणूस. प्रोग्रॅमची एक ओळसुद्धा मला लिहिता येत नाही. तरीपण कोणी समजावून दिली तर ती वाचता येते, हा शोध मला यंदाच्या रमजान ईदला लागला.

ईदच्या दुसऱ्या दिवशी माझा एक माजी विद्यार्थी घरी आला. वडील गवंडीकाम करतात. घराण्यातला हा पहिला पदवीधर. पुण्याच्या एका कंपनीत लागून त्याला चार महिने झाले होते आणि नोकरी पक्की होण्यास आणखी दोन महिने बाकी होते. शीरखुर्म्याची वाटी हातात तशीच धरून तो म्हणाला, “सर, एक अडचण आहे. एकोणीस ओळींचा एक पॅच माझ्याकडे तपासायला आलाय. आमच्या साहेबांनी स्वतः लिहिलाय. मी वाचून ‘योग्य आहे’ एवढंच लिहायचं. दोन दिवस झाले, माझ्याने लिहवत नाही.”

पॅच म्हणजे ठिगळ. शिंपी फाटक्या जागेवर लावतो तेच. चालू प्रोग्रॅममध्ये काही बदल करायचा असेल तर सबंध प्रोग्रॅम पुन्हा लिहीत नाहीत. कोणत्या ओळी काढायच्या त्यांच्यापुढे उणे चिन्ह, कोणत्या घालायच्या त्यांच्यापुढे अधिक चिन्ह, असा एक कागद तयार करतात. तो दुसऱ्या माणसाने वाचावा, शंका काढाव्यात, आणि त्याचे समाधान झाले म्हणजे मगच तो मूळ प्रोग्रॅममध्ये जावा, असा त्या धंद्यातला रिवाज आहे. आपल्या पेपर तपासणीत मॉडरेटर असतो ना, तद्वत. फरक इतकाच की येथे पुष्कळदा कालचा पोरगा साहेबाचा पेपर तपासतो.

कंपनीचा मजकूर बाहेर दाखवायचा नाही असा नियम आहे, आणि मुलाने तो पाळला याचा मला आनंद वाटला. त्याने त्या एकोणीस ओळी मला दाखवल्या नाहीत. त्याऐवजी, तसलीच एक जगजाहीर दुरुस्ती, जी कोणीही उघडून वाचू शकतो, ती त्याने मला दोन तास बसून समजावली. तीच आज मी तुम्हांला सांगणार आहे. थोडा धीर धरा. विषय कोरडा वाटेल, पण शेवटी तो आपल्याच दारात येऊन उभा राहतो.

गिट नावाची एक नोंदवही आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ती एप्रिल २००५ मध्ये लिहिली आणि त्याच वर्षापासून जुनिओ हमानो तिची देखभाल पाहत आले आहेत. जगभरचे प्रोग्रॅमर आपल्या कामातील प्रत्येक बदल या वहीत नोंदवतात. कोणी, केव्हा, काय बदलले, हे सर्व तिथे राहते. एका नोंदीला कमिट म्हणतात. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा एक ठसा असतो, त्यामुळे मधलेच पान कोणी गुपचूप बदलले तर पुढचे सगळे ठसे चुकतात आणि चोरी उघडी पडते. मोठी हुशारीची योजना आहे. परंतु तिच्यात एक जागा मोकळी राहते. नोंद करणाऱ्याचे नाव ज्याचे त्यानेच लिहायचे असते. मी माझ्या नोंदीवर टोरवाल्ड्स यांचे नाव टाकले तर वही मला अडवणार नाही.

म्हणून सही हवी. ही सही शाईची नव्हे, गणिताची. विद्यार्थी मित्रांनो, पेन्सिल असेल तर हिशोब टिपून घ्या. आमच्या गणिताच्या सरांनी मला तो स्टाफरूममध्ये करून दाखवला आणि मला त्या दिवशी प्रथमच वाटले की शाळेत असताना आपण गणिताशी उगाच वैर धरले.

समजा, तुमच्याजवळ तीन आकडे आहेत. ३३ आणि ३ हे तुम्ही सर्वांना जाहीर केलेत. ७ हा मात्र कोणालाही न सांगता जपून ठेवलात. ही तुमची खाजगी किल्ली. आता तुम्हांला ५ या आकड्यावर सही करायची आहे. पाच हा आकडा सात वेळा मांडून गुणाकार करा, ७८१२५ येतात. त्याला ३३ ने भागा. भाग २३६७ लागतो, बाकी १४ उरते. ही १४ म्हणजे तुमची सही. ५ आणि १४ हे दोन्ही आकडे तुम्ही मित्राला पाठवलेत. त्याने काय करायचे? १४ चा घन काढायचा, २७४४. त्याला ३३ ने भागायचे. भाग ८३, बाकी ५. आले का तुमचे पाच परत! वाटेत कोणी ५ चे ६ केले असते तर १४ मधून ५ च निघाले असते आणि मित्राने ओळखले असते की मजकुरात लबाडी झाली. आणि ७ ठाऊक नसलेल्या माणसाला ६ ची सही कोणती ते काढता आले नसते.

तुमच्यापैकी एखादा चलाख मुलगा म्हणेल, सर, ३३ म्हणजे ३ गुणिले ११, त्यावरून ७ काढता येतो. शाबास! येतो. म्हणूनच प्रत्यक्षात ३३ च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची संख्या वापरतात. तिचे अवयव पाडणे आजच्या संगणकांच्या आवाक्यात नाही. अशा सहीची कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली मांडली. रिव्हेस्ट, शमीर आणि अ‍ॅडलमन यांनी १९७७ साली ती वर सांगितलेल्या रीतीने गणितात बसवली. आपल्या देशात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने या सहीला कायद्याची मान्यता दिली. तुम्ही शेताचा डिजिटल सातबारा काढता, त्याच्यावरची सही याच जातीची आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

गिटमध्ये महत्त्वाच्या टप्प्यावर सही करण्याची सोय पूर्वीपासून होती. प्रत्येक नोंदीवर वेगळी सही करण्याची सोय जानेवारी २०१२ मध्ये, १.७.९ या आवृत्तीत आली. त्यासाठी नोंद करताना दर वेळी एक अक्षर जास्तीचे लिहावे लागे. एक अक्षर! पण माणूस तेवढेही विसरतो. दिवसाला वीस नोंदी करणारा चार ठिकाणी विसरणारच. तेव्हा मागणी अशी की ‘माझ्या प्रत्येक नोंदीवर सही कर’ असे एकदाच सांगून ठेवता यावे. बँकेत आपण हप्ता कापण्याची कायमची सूचना देऊन ठेवतो, तसे. ही सेटिंग मे २०१४ मध्ये, गिटच्या २.० आवृत्तीत आली. तिचे नाव कमिट डॉट जीपीजीसाइन. सही करण्याचे काम जीपीजी नावाचा वेगळा प्रोग्रॅम करतो, म्हणून हे नाव.

वरकरणी पाहता यात तपासण्यासारखे काय आहे? एक खटका: चालू किंवा बंद. पण खटका दिसतो भिंतीवर आणि तार जाते घरभर. तपासणाऱ्याचे काम तार कुठे कुठे गेली आहे ते पाहण्याचे.

मुळात खटका बंद आहे की चालू? बंद आहे, ज्याला हवे त्याने चालू करावे, हे योग्य. चालू असताना एखाद्याच नोंदीवर सही नको असेल तर? तशीही सोय हवी, आणि ती आहे. आज्ञेतच ‘या वेळी सही नको’ असे सांगता येते. किल्ली जागेवर नसेल, परवलीचा शब्द चुकला असेल, तर? येथे गिट नोंदच करीत नाही. स्पष्ट सांगते की सही झाली नाही, आणि थांबते. हा प्रश्न ध्यानात ठेवा, मला त्याच्याकडे परत यायचे आहे.

मग आणखी एक प्रश्न येतो, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटला. गिटमध्ये रीबेस नावाचे एक काम आहे. जुन्या नोंदी उचलून नव्या जागी पुन्हा मांडायच्या. त्यात दुसऱ्यांनी केलेल्या नोंदीही असू शकतात. खटका चालू असेल तर पुन्हा मांडलेल्या त्या सगळ्या नोंदींवर मांडणाऱ्याची सही पडते. गिटच्या माहितीपुस्तिकेत या सेटिंगखाली स्पष्ट इशारा छापला आहे की अशा कामांत फार मोठ्या संख्येने नोंदींवर सह्या होऊ शकतात. म्हणजे काम एकाचे, सही दुसऱ्याची, आणि सही करणाऱ्याने ते काम वाचले असेल किंवा नसेलही.

इतिहासाचा शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याचे कार्यालय कलकत्त्यात १८९७ साली सुरू झाले. हजारो ठशांतून हवा तो शोधण्याची रीत बसवली ती काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी पोलीस अंमलदारांनी. त्यातले गणित हक यांचे. पण जगात ती पद्धत वरिष्ठ अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली गेली. काम कोणाचे आणि मोहोर कोणाची, हा घोळ संगणकाने निर्माण केलेला नाही. गिटमध्ये निदान मूळ लिहिणाराचे नाव आणि वहीत मांडणाराचे नाव असे दोन वेगळे रकाने आहेत. सही असते ती मांडणाराची. असो.

या खटक्याच्या तारेत एक चूक राहून गेली होती, आणि माझ्या विद्यार्थ्याने मला मुख्यतः तीच समजावली. गिटच्या आज्ञा दोन थरांच्या आहेत. वरच्या थराला ते लोक पोर्सिलेन म्हणतात आणि खालच्याला प्लंबिंग. गवंड्याचा मुलगा सांगत होता म्हणून असेल, मला ते लगेच समजले. वरती पांढरे स्वच्छ बेसिन, ज्याला माणसाचा हात लागतो. खाली भिंतीतले पाइप, जे दुसऱ्या यंत्रांना जोडलेले असतात. कमिट ही आज्ञा बेसिन आहे. कमिट-ट्री ही भिंतीतला पाइप. माणूस ती क्वचितच हाताने वापरतो. इतर लहान लहान प्रोग्रॅम आपापल्या कामासाठी तिला बोलावतात.

२.० आवृत्तीत हा खटका बेसिनला जोडला गेला तसा पाइपलाही जोडला गेला. परिणाम असा झाला की मालकाने एकदा ‘माझ्या नोंदींवर सही कर’ म्हटले, आणि त्याने स्वतः न केलेल्या, कुठल्यातरी प्रोग्रॅमने पोटातल्या पोटात केलेल्या नोंदींवरही त्याच्याच सहीची सक्ती झाली. सही माणसाने मागितली नव्हती. खटका चालू होता, एवढेच. ही गोष्ट जून २०१६ मध्ये, २.९ आवृत्तीत दुरुस्त झाली. त्या आवृत्तीच्या निवेदनात ती जुनी चूक असल्याचे कबूल केले आहे आणि पाइपला आता खटका लागू नाही, ज्या प्रोग्रॅमला सही हवी असेल त्याने खटक्याची स्थिती स्वतः पाहून तशी मागणी करावी, असे सांगितले आहे. दोन वर्षे! ज्यांच्याइतके जाणकार जगात थोडे, अशा लोकांनी वाचूनही ती चूक दोन वर्षे राहिली. आणि तरीही मला त्यांचे कौतुक वाटते, कारण चूक त्यांनी जाहीरपणे, कारणासह लिहून ठेवली आहे. आपल्याकडे किती कार्यालयांत हे घडते?

टोरवाल्ड्स यांना तर प्रत्येक नोंदीवर सही ही कल्पनाच पसंत नव्हती. २००९ साली त्यांनी आपले मत अगदी कडक शब्दांत मांडले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की प्रत्येक नोंदीवर सही करायची म्हटले की ती कोणीतरी आपोआप होणारी करून टाकणार, आणि आपोआप झालेल्या सहीची किंमत उतरणार. नोंदी साखळीने जोडलेल्याच आहेत, तेव्हा टप्प्याच्या शेवटी विचारपूर्वक एक सही केली की मागच्या सगळ्या तिच्यात आल्या. या मताला दुसरी बाजू आहे. अनेक माणसे एकत्र काम करतात तेथे अमुक नोंद अमक्याचीच हे दाखवता येणे उपयोगाचे असते. खटका आला तो त्या गरजेपोटी, आणि तो वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पण किंमत उतरते, हे मात्र मला कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. ते मी स्वतः भोगले आहे. खरे म्हणजे दुसऱ्या एका मुलीला भोगायला लावले आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वेळी मी ज्या शाळेत होतो तेथे शिष्यवृत्तीच्या अर्जांचे काम माझ्याकडे होते. मुदतीचा शेवटचा दिवस, संध्याकाळचे साडेपाच, टेबलावर चाळीस अर्ज. रजिस्टरशी, आधारशी, बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहिले असे प्रत्येकावर लिहिलेले, आणि त्याखाली माझी सही. पहिले सात-आठ अर्ज मी ताडून पाहिले. मग हात सुटला. शिपाई पाने उलटत होता आणि मी सह्या करीत होतो. त्या अर्धा तासात मी माणूस नव्हतो, खटका होतो.

एका मुलीचे नाव अर्जात एक, आधारवर दुसरे होते. आपल्याकडे हे नेहमी होते, तुम्ही जाणताच. एका कागदावर शेख आधी, दुसऱ्यावर शेवटी. एका ठिकाणी वडिलांचे नाव पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी नुसते आद्याक्षर. तिची रक्कम जमा झाली नाही. कळले तेव्हा दुरुस्तीची मुदत उलटून गेली होती. वडील टेम्पो चालवतात. ते शाळेत आले, आवाज चढवला नाही, एवढेच म्हणाले, “सर, आम्ही अर्ज पुन्हा बघणार होतो. पण खाली तुमची सही दिसली, म्हणून नाही बघितला.”

पालकहो, त्यांचे ते वाक्य मी अजून विसरलो नाही. सही नसती तर त्यांनी वाचला असता! माझ्या न वाचता केलेल्या सहीने नुसती चूक झाकली नाही, तर ती पकडू शकणाऱ्या माणसाला झोपवले. मुलगी हुशार होती. पुढच्या वर्षी तिला शिष्यवृत्ती मिळाली, पण गेलेल्या वर्षाचे पैसे गेले ते गेलेच.

हे दुःख जगाच्या पाठीवर दुसऱ्या एका ठिकाणी फार मोठ्या प्रमाणावर होता होता टळले, आणि ती हकीकत या विषयाशी इतकी जुळते की मी ती सांगणारच. एक्सझेड नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम आहे. माहिती दाबून लहान करण्याचे काम करतो. जगातल्या असंख्य लिनक्स संगणकांत तो असतो, पण कोणाचे त्याच्याकडे लक्ष नसते. जिया तान या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन-अडीच वर्षे त्या प्रकल्पाला इमानेइतबारे मदत केली, पॅच पाठवले, विश्वास संपादन केला आणि हळूहळू देखभालीचे अधिकार मिळवले. २०२४ च्या सुरुवातीस ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या बाहेर पडल्या. त्यांवर त्याच माणसाची अस्सल, गणिताने तंतोतंत जुळणारी सही होती. आणि आत परक्याला दुसऱ्याच्या संगणकात शिरता येईल असे चोरदार बसवले होते. त्याचा एक भाग तर चाचणीच्या फायलींत असा लपवला होता की वाचणाऱ्याला तो निरुपयोगी कचरा वाटावा.

सही खोटी नव्हती हो! सही खरीच होती. सहीने आपले काम चोख केले. हे अमक्यानेच दिले आहे, वाटेत बदललेले नाही, एवढे ती सांगते. दिलेली वस्तू चांगली आहे, असे ती कधीच म्हणत नाही. ते आपण आपल्या मनाने जोडतो. मग पकडले कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याने. आपल्या संगणकात दूरून प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्याला खटकले. अर्ध्या सेकंदाकडे आपण कोणी पाहिले असते? त्याने पाहिले, मागोवा घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्वांना सावध केले. त्या आवृत्त्या तोवर मुख्यतः चाचणीच्या टप्प्यातील प्रणालींतच पोचल्या होत्या, म्हणून मोठा अनर्थ टळला.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या एकोणीस ओळींचे काय झाले ते ऐका. हे सारे मला समजावता समजावता त्याला आपल्याच शंकेचे नाव सापडले. किल्ली नसेल तर काय, हा प्रश्न तुम्हांला ध्यानात ठेवायला सांगितला होता. गिट अशा वेळी थांबते. त्याच्या साहेबांच्या पॅचमध्ये मात्र, किल्ली सापडली नाही तर सही वगळून काम पुढे जात होते. मुकाट्याने. ना सूचना, ना ओरड. हेतू वाईट नव्हता. नव्या माणसाचे काम अडू नये म्हणून साहेबांनी तशी सोय ठेवली होती. पण खटका चालू आहे म्हणजे सगळ्या नोंदींवर सह्या आहेत असे कंपनीत प्रत्येक जण समजणार, आणि प्रत्यक्षात काहींवर नसणार! त्यापेक्षा खटका नसलेला बरा. निदान लोक जागे तरी राहतात.

“मग लिही तसं,” मी म्हणालो.

“सर, दोन महिने राहिलेत. साहेबांना काय वाटेल?”

मी गप्प बसलो. त्याची नोकरी जाणार नाही असे वचन मी कुठून देणार होतो? मी त्याला टेम्पोवाल्या भाईंची हकीकत सांगितली. बराच वेळ तो वाटीतला चमचा फिरवत राहिला. शीरखुर्मा एव्हाना थंडगार झाला होता.

पुण्याला गेल्यावर त्याने लिहिले. ‘तुमचे चुकले’ असे लिहिले नाही. ‘किल्ली नसलेल्या संगणकावर मी हे चालवून पाहिले, नोंद सहीविना झाली आणि मला काही कळले नाही, असेच अपेक्षित आहे का?’ असा प्रश्न विचारला. लिहिण्यापूर्वी करून पाहिले, हे विशेष. दोन दिवस उत्तर आले नाही. त्या दोन दिवसांत त्याने मला चार वेळा फोन केला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी ती ओळ बदलून पॅच पुन्हा पाठवला, थोडा त्रागा केला, आणि त्याच्याखाली एक चाचणीही जोडली. मग माझ्या विद्यार्थ्याने ‘योग्य आहे’ असे लिहिले आणि आपले नाव घातले. नोकरी पक्की झाली की नाही, हे तुम्ही विचारणार. झाली. पण ती या कारणाने झाली असे मी म्हणणार नाही. कदाचित याच्यामुळे अडलीही असती.

पालक बंधु-भगिनींनो, वर्गशिक्षक म्हणून मी तुमच्यापुढे कागद ठेवतो तेव्हा दहांपैकी नऊ जण मला एकच प्रश्न विचारतात, “सर, सही कुठे करू?” कशावर करू, असे विचारणारा विरळा. ज्यांना लिहिता येत नाही त्या माता-भगिनी अंगठा पुढे करूनच खुर्चीवर बसतात. शिकलेले पालकही वेगळे नाहीत, ते फक्त पेन स्वतःचे आणतात. आणि आता तर कागदही समोर नसतो. सायबर कॅफेतला मुलगा म्हणतो, “चाचा, मोबाइलवर आकडा आला असेल तो सांगा,” आणि आपण सहा आकडे मोठ्याने वाचून दाखवतो. आधारच्या आधारे होणारी सही त्या सहा आकड्यांनीच होते, हे त्याने आपल्याला सांगितलेले नसते. ओटीपी सांगितला म्हणजे अंगठा दिला. पडद्यावर काय आहे ते त्याला आधी मोठ्याने वाचायला लावा. मागे रांग खोळंबली तरी लाजू नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या असे पॅच लिहाल, काही जण तपासाल. इंग्रजी येत नाही, मोठ्या कॉलेजातला नाही, म्हणून आपली शंका गिळू नका. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या मजकुराच्या एका प्रतीत कोणीतरी दोन ओळी चोरून घातल्या होत्या. दोन बरोबरची चिन्हे हवी होती तेथे एकच होते. दोन असती तर ‘हा वापरणारा मुख्य मालक आहे का?’ असा प्रश्न झाला असता. एक असल्याने ‘याला मुख्य मालक कर’ असा हुकूम झाला. मूळ प्रत आणि नक्कल जुळत नाहीत हे लक्षात आले म्हणून ते पकडले गेले. काना-मात्रा चुकली की मी तुमचे गुण कापतो, त्यावर तुम्ही वर्षभर कुरकुरता. त्या दोन ओळी मी आमच्या वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवल्या आहेत, येऊन पाहा.

जाता जाता एक निवेदन. येत्या सोमवारपासून नववी-दहावीच्या शिष्यवृत्तीचे अर्ज शाळेत घेतले जातील. मी शाळा सुटल्यावर साडेपाचपर्यंत ग्रंथालयात बसणार आहे. दिवसाला दहाच अर्ज घेईन. अकराव्याला दुसऱ्या दिवशी यावे लागेल, त्याबद्दल आधीच माफी मागतो. येताना मुलाचे आधार, पासबुक आणि आपला चष्मा घेऊन या. नाव तिन्ही ठिकाणी अक्षरन् अक्षर जुळते का ते तुम्ही मला वाचून दाखवायचे आणि मी रजिस्टर उघडून ऐकायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मुलाला बरोबर आणावे, तो वाचेल.